जांभळ्या दालनात जन्मलेल्या दोघी बहिणी आणि १८९ वर्षं टिकलेलं एक राजघराणं

निळी शाई (धागाकर्ती)

१९ एप्रिल १०४२, सोमवार. कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चौकात शहराच्या कोतवालाने नव्या सम्राटाचं फर्मान वाचायला घेतलं. सम्राज्ञी झोईने सम्राटाविरुद्ध कट केला, म्हणून तिला शहराबाहेर घालवलं आहे, असा त्यातला मजकूर. वाचून होतंय न होतंय तोच गर्दीतून कुणीतरी ओरडलं: क्रॉसवरची शपथ मोडणारा हा फटीबुजव्या आम्हाला सम्राट म्हणून नको, आमची आई झोई हवी. मग दगड सुरू झाले. कोतवाल कसाबसा जीव घेऊन पळाला.

मी बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून (आताच्या इस्तंबूलहून) राज्य करणाऱ्या पूर्व रोमन, सम्राटांबद्दल बरीच वर्षं वाचते आहे आणि फिरून फिरून या सोमवारपाशी येते. झोई तेव्हा चौसष्टीच्या आसपास होती. तिने लढाई जिंकलेली नव्हती, कायदे केलेले नव्हते, तिजोरी भरलेली नव्हती. खरं तर तिने बरीच रिकामी केली होती. तरी शहर तिच्यासाठी तीन दिवस लढलं आणि हजारो माणसं मेली. का? त्याचं मला समजलेलं उत्तर इथे मांडते.

या सिंहासनाला वारसाहक्काचा लेखी कायदाच नव्हता. सैन्याने, दरबारातल्या सरदारांनी आणि शहरातल्या लोकांनी ज्याचा जयजयकार केला, तो सम्राट. बाप सम्राट असला की मुलाला हयातीतच सहसम्राट म्हणून मुकुट घालायचा, म्हणजे पुढे वाद नको, ही त्यावरची तोड. पण तीही तोडच. उद्या एखादा सेनापती राजधानीच्या वेशीत घुसला आणि लोकांनी त्याला मानलं, तर देवाचीच तशी इच्छा होती असं सगळे म्हणत. म्हणून त्या यादीत शेतकऱ्यांची मुलं आहेत, नौसेनापती आहेत, सावकारीतून वर आलेले आहेत. अशा गादीवर एकच घराणं ८६७ ते १०५६ टिकलं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि सुरुवात कशी? पहिला बेसिल हा शेतकऱ्याचा मुलगा. घर मुळात आर्मेनियन वंशाचं, थ्रेसमध्ये स्थायिक झालेलं. त्या मुलखाच्या प्रांताचं सरकारी नाव तेव्हा मॅसिडोनिया होतं, म्हणून घराण्याला मॅसिडोनियन म्हणतात. सिकंदराच्या मॅसिडोनियाशी त्याचा काही संबंध नाही. अंगाने दांडगा, कुस्तीत तरबेज, घोडी वठणीवर आणण्यात हातखंडा. या गुणांवर तो तिसऱ्या मायकेल सम्राटाच्या मर्जीत शिरला. सम्राटाने त्याला आपल्या शयनगृहाचा अधिकारी केलं आणि आपल्याच प्रेयसीशी, एवदोकिया इंगेरिनाशी, त्याचं लग्न लावून दिलं. ८६६ च्या एप्रिलमध्ये बेसिलने सम्राटाच्या मामाला मारलं, मे महिन्यात स्वतः सहसम्राट झाला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात दारूच्या नशेत झोपलेल्या मायकेलला संपवून एकटा सम्राट झाला.

आता गंमत पाहा. ८६६ च्या सप्टेंबरात एवदोकियाला मुलगा झाला, लिओ. तो बेसिलचा की मायकेलचा, याची कुजबुज तेव्हाच शहरभर होती. बेसिलचा त्याच्यावर जीव नव्हता, त्याने त्याला काही काळ कैदेतही ठेवलं. ८८६ साली बेसिल शिकारीत मेला, सांबराच्या शिंगात कमरपट्टा अडकून तो फरफटत गेला असं सांगतात. लिओने गादीवर येताच केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे मायकेलचं शव हलवून पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये, सम्राटांच्या दफनभूमीत, इतमामाने पुरलं. कुजबुज खरी असेल तर पुढचं सगळं मॅसिडोनियन घराणं रक्ताने मॅसिडोनियन नाहीच. लोकांनी मात्र याचा हिशेब ठेवला नाही. त्यांनी घर मानलं.

या लिओला 'शहाणा' म्हणत. त्याने स्वतःच कायदा करून तिसऱ्या लग्नाला दोष दिला होता. पण पहिल्या तीन बायका एकामागून एक गेल्या आणि मुलगा राहिला नाही. चौथी झोई कार्बोनोप्सिना, म्हणजे कोळशासारख्या काळ्या डोळ्यांची. लग्नाआधीच ती गरोदर राहिली, तेव्हा लिओने तिचं बाळंतपण राजवाड्यातल्या पोर्फिरा नावाच्या, पोर्फिरी या जांभळट दगडाने मढवलेल्या दालनात करवलं. राज्यावर असलेल्या सम्राटाच्या मुलांचा जन्म तिथे व्हायचा. ९०५ साली मुलगा झाला. लिओने तिच्याशी लग्न केलं आणि धर्मगुरू निकोलसने ९०६ च्या नाताळात खुद्द सम्राटाला आया सोफिया या शहरातल्या मुख्य चर्चच्या दारातून परत पाठवलं. पण मुलाच्या नावामागे 'पोर्फिरोगेनेटोस', जांभळ्या दालनात जन्मलेला, हे लागलं ते लागलंच. आई-बापांच्या लग्नात खोट होती, जन्माच्या खोलीत नव्हती.

तो सातवा कॉन्स्टंटाइन. सात वर्षांचा असताना बाप गेला. नौसेनापती रोमानोस लेकापेनोसने आपली मुलगी त्याला दिली आणि ९२० पासून २४ वर्षं स्वतः मुख्य सम्राट म्हणून राज्य केलं. पण मुलाला मारलं नाही, डोळे काढले नाहीत, मठात घातलं नाही. मागे सारून ठेवलं. कॉन्स्टंटाइन वाचत राहिला, लिहीत राहिला. ९४४ च्या डिसेंबरात रोमानोसच्या पोरांनीच बापाला हुसकलं, तेव्हा राजवाड्याबाहेर जमलेल्या लोकांनी विचारलं ते एवढंच: आमचा कॉन्स्टंटाइन कुठे आहे? महिनाभरात ती पोरंही बापाच्या मागे मठात गेली. चाळिशीला टेकलेला माणूस पहिल्यांदा खरा सम्राट झाला.

पुढच्या पिढीत पुन्हा तेच. ९६३ मध्ये दुसरा रोमानोस तरुणपणी गेला, मागे दोन लहान मुलं. सेनापती निकेफोरस फोकासने विधवा राणी थिओफानोशी लग्न करून मुकुट घातला. ९६९ मध्ये त्याला झोपेत मारून योआनिस त्झिमिस्किस आला, त्याने सातव्या कॉन्स्टंटाइनच्या मुलीशी, थिओडोराशी, लग्न केलं. दोघेही थोर सेनानी. एकाने क्रीट आणि अँटिओक परत आणलं, दुसऱ्याने रूसांना डॅन्यूबवरून हाकललं. तरी दोघांनाही या घरात लग्न करूनच यावं लागलं आणि त्या दोन मुलांचे मुकुट दोघांनीही डोक्यावरच ठेवले. घराणं मुळं धरतं ते असं.

त्यातला मोठा मुलगा म्हणजे दुसरा बेसिल, बल्गेरियाचा काळ. याच्यावर बाकीचे लोक खूप लिहितात, मी थोडक्यात सांगते. १९७६ पानं लिहिली तरी लढाया संपणार नाहीत. ९७६ ते १०२५ राज्य केलं, ४९ वर्षं. १०१४ मध्ये हजारो बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढून, शंभरातल्या एकाचा एक डोळा राखून, त्यांना त्यांच्या राजाकडे परत धाडलं. राजा सामुएल ते पाहून कोसळला आणि दोन दिवसांत गेला. बेसिलने इतका खजिना साठवला की जमिनीखाली वळणावळणाची भुयारं खोदावी लागली. पण त्याने लग्न केलं नाही आणि धाकट्या भावाच्या तीन मुलींची लग्नंही वेळेवर केली नाहीत. भुयारात सोनं आणि घरात वारस नाही, अशा अवस्थेत तो १०२५ च्या डिसेंबरात गेला. तीन वर्षांनी भाऊही गेला. उरल्या मुली. थोरलीला देवी आल्या होत्या, ती मठात गेली होती. मधली झोई, धाकटी थिओडोरा.

झोई ऐन तारुण्यात जर्मन सम्राट तिसऱ्या ओटोची वाग्दत्त वधू म्हणून इटलीला निघाली होती. १००२ साली बारी बंदरात उतरली तेव्हा नवरा मुलगा वारल्याची बातमी कळली. तिथूनच परत. त्यानंतर २६ वर्षं ती राजवाड्याच्या बायकांच्या भागात राहिली. पन्नाशीला लग्न झालं, तेही बाप मृत्युशय्येवर असताना, रोमानोस आर्गिरोसशी. त्याला आधीची बायको सोडायला लावली, ती बिचारी मठात गेली. १०३४ मध्ये रोमानोस हमामाच्या हौदात मेला आणि त्याच दिवशी झोईने तरुण मायकेलशी लग्न केलं. मायकेल फेफऱ्याने आजारी असायचा, पण राज्यकर्ता म्हणून वाईट नव्हता. मरण जवळ आलं तेव्हा त्याने मठाची वस्त्रं घेतली. झोई त्याला भेटायला पायी चालत गेली. त्याने भेट नाकारली.

त्याच्या घरच्यांनी झोईकडून त्याच्या भाच्याला दत्तक घेववलं होतं. या पाचव्या मायकेलचा बाप मूळचा गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणारा, म्हणून लोक त्याला कालाफातेस म्हणत. त्याने झोईला आई मानायची शपथ घेतली आणि गादीवर आल्यावर चार महिन्यांत तिचे केस कापून तिला प्रिन्किपो बेटावरच्या मठात पाठवलं.

आणि मग तो सोमवार.

दरबारातला सचिव मायकेल प्सेलोस तेव्हा तिथेच होता, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं आहे. ज्यांना कधी घराबाहेर कुणी पाहिलं नव्हतं अशा बायका रस्त्यावर आल्या, ऊर बडवत, ओरडत. लहान मुलीसुद्धा. सम्राटाच्या नातलगांचे वाडे लोकांनी हातांनी पाडले. घाबरून मायकेलने झोईला बेटावरून आणून घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर राजगवाक्षात उभं केलं. पण तिच्या अंगावर मठाची काळी वस्त्रं होती. ती पाहून गर्दी अधिकच बिथरली. लोक पेट्रिऑनच्या मठात गेले, तिथून थिओडोराला आणलं, राजवस्त्रं घातली आणि आया सोफियात तिचा जयजयकार केला. २१ तारखेला मायकेल नावेतून पळाला, स्टुडिऑस मठातल्या वेदीला धरून बसला. संध्याकाळी तिथून ओढून काढून त्याचे डोळे काढले.

त्यानंतर दोन महिन्यांहून थोडे कमी दिवस दोघी बहिणींनी एकत्र राज्य केलं. त्या काळचं एक सोन्याचं नाणं आहे. त्यावर दोघी शेजारी उभ्या आहेत आणि मधला ध्वजदंड दोघींनी मिळून धरला आहे. थिओडोराला मठात घालून तिचे केस कापायला लावणारी झोईच होती, हे माहीत असलं की ते नाणं पाहताना गलबलून येतं.

२०१८ मध्ये मी आया सोफियाच्या वरच्या सज्जात गेले होते. तिथे पायऱ्या नाहीत, दगडी चढण आहे, वळत वळत वर जाते. दक्षिणेकडच्या सज्जाच्या अगदी टोकाला झोईचं चित्र आहे, काचेच्या बारीक तुकड्यांचं. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला तिचा तिसरा नवरा नववा कॉन्स्टंटाइन हातात पैशांची थैली घेऊन, दुसऱ्या बाजूला ती, हातात गुंडाळी. तिघांचेही चेहरे काढून पुन्हा बसवलेले आहेत. कॉन्स्टंटाइनच्या डोक्यावरचं नाव नीट पाहा: अक्षरं दाटीवाटीने कोंबली आहेत, कारण तिथे आधी दुसरं, लहान नाव होतं. नवरा बदलला तसं नाव बदललं. ती मात्र तिथेच आहे. मी अर्धा तास तिथून हलले नाही.

तुम्ही कुणी हा काळ वाचला असेल तर जरूर लिहा.

---

गडवाट

अप्रतिम लेख. वाचनखूण साठवली. एक दुरुस्ती सुचवतो, '१९७६ पानं' म्हटलंय तिथे आकडा चुकून पडलाय का?

दोन प्रश्न. एक, हे लोक मारून टाकण्याऐवजी डोळे का काढत? दोन, अशी एकूण किती घराणी झाली? नावं कळली तर वाचायला दिशा मिळेल.

---

निळी शाई

गडवाट, धन्यवाद. हो, ते टंकताना घुसलं, 'कितीही पानं' असं वाचा. आता संपादन करता येत नाही.

डोळ्यांचं असं. सम्राट हा देवाचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी, तो शरीराने अव्यंग हवा अशी समजूत होती. त्यामुळे व्यंग केलं की माणूस गादीच्या स्पर्धेतून बाद आणि खुनाचं पापही माथी नाही. आधी नाक कापत. पण ६९५ मध्ये दुसऱ्या जस्टिनियनचं नाक कापून त्याला क्रिमियात पाठवलं, तो पठ्ठ्या दहा वर्षांनी बल्गेरियन सैन्य घेऊन आला, पाण्याच्या नळातून शहरात शिरला आणि पुन्हा गादीवर बसला. नाक नसून भागतं हे सगळ्यांना दिसलं. तिथून पुढे डोळे काढायची रीत बळावली.

सगळ्यात काळीज चिरणारी घटना ७९७ ची. आयरीन राणीने स्वतःच्या मुलाचे, सहाव्या कॉन्स्टंटाइनचे, डोळे काढवले आणि तेही त्याच पोर्फिरा दालनात, जिथे तिने त्याला जन्म दिला होता.

घराण्यांचं थोडक्यात: हेराक्लियसचं (६१० पासून, त्याच्याच काळात सम्राटाची ग्रीक पदवी 'बासिलेउस' अधिकृत झाली), मग तिसऱ्या लिओचं इसॉरियन, त्यानंतर अमोरियन, मग आपलं मॅसिडोनियन. पुढे दूकास, कोम्नेनोस, आंगेलोस, निकायाला लास्कारिस आणि शेवटी १२५९ ते १४५३ पालेओलोगोस. शेवटचं सगळ्यात जास्त टिकलं. ही नावं नंतरच्या इतिहासकारांनी सोयीसाठी चिकटवलेली आहेत. बेसिलच्या नातवाला 'मी मॅसिडोनियन घराण्यातला' असं कधी वाटलं नसेल, 'मी जांभळ्या दालनातला' असं मात्र नक्की वाटत असेल.

---

काजूबी

लेख दोनदा वाचला. रंगाबद्दल लिहिते. 'जांभळं' म्हटल्यावर आपल्यापुढे जांभूळ येतं, पण पोर्फिरी दगड मी पाहिलाय, इस्तंबूलच्या पुराणवस्तू संग्रहालयाबाहेर सम्राटांच्या पोर्फिरीच्या शवपेट्या मांडल्यात. तो रंग जांभळाचा नाही. आमसुलाचा आहे. वाळलेलं, अजून मीठ अंगावर असलेलं आमसूल उन्हात धरा, अगदी तसा: काळपट तांबडा आणि त्यात पांढरे बारीक कण. आमच्या अंगणात मे महिन्यात आमसुलं वाळत घातलेली असतात, त्यामुळे पहिल्या नजरेत तेच आठवलं.

हा दगड फक्त इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या एका डोंगरातून येई, आणि ती खाण ग्रीकांच्या मध्ययुगाआधीच बंद पडली होती. म्हणजे जे होतं ते जुनंच, पुन्हा पुन्हा वापरलेलं.

---

निळी शाई

काजूबी, आमसूल! किती नेमकं. अॅना कोम्नेने ही सम्राटकन्या स्वतः १०८३ मध्ये त्या दालनात जन्मली. तिने वर्णन करून ठेवलंय: चौरस खोली, वर पिरॅमिडसारखं निमुळतं छत, खिडकीतून समुद्र आणि बंदर दिसे, जिथे दगडी बैल आणि सिंह होते. दगडावर वाळूसारखे पांढरे ठिपके असल्याचंही ती सांगते. तुम्ही म्हणता ते मिठाचे कण तेच.

---

पाणवठा

लेख आवडला, पण मूळ मुद्दा मला पूर्ण पटला नाही. १०४२ चा उठाव घराण्यावरच्या प्रेमापोटी झाला असं मांडताना बाकीची कारणं बाजूला पडतात. पाचव्या मायकेलने एकाच वेळी फार लोकांना दुखावलं होतं. ज्या मामाने, म्हणजे खोजा योआनिसने, त्याला वर आणलं त्यालाच हद्दपार केलं. धर्मगुरू आलेक्सिओसलाही दूर करायचा प्रयत्न केला, म्हणजे चर्च विरोधात. जुन्या वारांजियन पहारेकऱ्यांना सारून स्वतःची माणसं नेमली, म्हणजे कुऱ्हाडवाले उत्तरेकडचे शिपाईही विरोधात. आया सोफियाच्या घंटा आपोआप वाजत नाहीत. त्या पहाऱ्यात तेव्हा हाराल्ड होता, जो पुढे नॉर्वेचा राजा झाला आणि १०६६ मध्ये इंग्लंडात पडला. त्याच्या गाथेत तर सम्राटाचे डोळे त्यानेच काढले असं म्हटलंय.

तेव्हा सत्तेतल्या दोन-तीन गटांनी लोकांना पुढे केलं, असंही वाचता येतं.

---

निळी शाई

पाणवठा, ही कारणं खरी आहेत, आणि मी ती लिहायला हवी होती. धर्मगुरूने त्या तीन दिवसांत मोठं काम केलं यात शंका नाही. गाथेबद्दल मात्र जपून. त्यात डोळे काढले गेलेला सम्राट म्हणून नवव्या कॉन्स्टंटाइनचं नाव आहे, त्याचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते.

पण असं बघा. चर्चला, पहाऱ्याला आणि दरबाऱ्यांना मायकेल नको होता, तर त्याच्या जागी ते एखाद्या सेनापतीला उभा करू शकत होते. तसे कितीतरी होते, आणि याआधी तेच व्हायचं. ८०२ मध्ये आयरीनला काढलं तेव्हा खजिन्याचा अधिकारी निकेफोरस गादीवर आला, शहर ढिम्म हललं नाही. आणि १०४२ मध्ये? लोक राजवाड्याकडे गेले आणि मग एका मठाकडे गेले, जिथे एक वयस्क, विस्मृतीत गेलेली बाई दहा वर्षांहून जास्त काळ राहत होती. थिओडोराकडे सैन्य नव्हतं, पैसा नव्हता. तिच्यापाशी एकच गोष्ट होती, तिचा जन्म. आणि तिने यायला आधी नकारच दिला, तिला ओढत आणावं लागलं. गट लोकांना पुढे करू शकतात, पण लोकांच्या तोंडी 'आई' हा शब्द घालू शकत नाहीत असं मला वाटतं.

---

पाणवठा

८०२ ची तुलना विचार करण्यासारखी आहे. मान्य. आयरीनचं घराणं तोवर ८५ वर्षं जुनं होतं, तरी तिच्यासाठी कुणी आलं नाही. पण तिने स्वतःच्या मुलाचे डोळे काढले होते, लोक तेही विसरले नसतील.

---

दक्षिणवारा

या विषयाचा आपल्याकडचा एक धागा जोडतो. 'बायझंटाइन' हे नाव या लोकांनी स्वतःसाठी कधीच वापरलं नाही, ते सोळाव्या शतकात जर्मन विद्वानांनी रूढ केलं. बोलायचे ग्रीक, पण स्वतःला म्हणायचे 'रोमाइओइ', रोमन. अरब आणि तुर्क त्यांच्या देशाला 'रूम' म्हणू लागले. १४५३ नंतर ते शहर उस्मानी तुर्कांकडे गेलं, पण नाव तेच राहिलं, आणि तिकडचा माणूस तो 'रूमी'.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ती ओतली अहमदनगरला, १५४९ मध्ये, आणि ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हुसेन रूमी. त्या 'रूमी'त हेच रोम आहे. आपल्या जुन्या कागदांत 'रूमशाम' येतं त्यातलं रूमही तेच. म्हणजे ज्या लोकांना युरोपने रोमन मानायचं नाकारलं, त्यांचं ते नाव नगरच्या तोफेपर्यंत आलं.

---

खडीसाखर

दक्षिणवारा, हे माहीत नव्हतं, मस्त.

मला झोईबद्दल लिहायचंय. तिच्याविषयी जे वाचायला मिळतं त्यात तीन नवरे, सौंदर्यप्रसाधनं आणि उधळपट्टी एवढंच ठळक असतं. प्सेलोसने तिच्या दालनाचं वर्णन केलंय: भर उन्हाळ्यातही शेगड्या पेटलेल्या, दासी कुटतायत, चाळतायत, मिसळतायत, भारतातून आणि इथिओपियातून आलेली सुगंधी द्रव्यं उकळतायत. तिला रेशमी वस्त्रांची हौस नव्हती, अंगावर साधं पातळ वस्त्र असे. तिची सगळी आवड अत्तरं आणि मलमं बनवण्यात होती आणि ती देवाला वाहायला वापरली जात, असंही तोच लिहितो. पुरुषाने हे केलं असतं तर आपण त्याला रसायनाचा जाणकार म्हटलं असतं. पन्नाशीपर्यंत कोंडून ठेवलेल्या एका हुशार बाईला हाताशी जे मिळालं, त्यात तिने कौशल्य मिळवलं.

आणि थिओडोराने १०५५ मध्ये जे केलं त्याचं कौतुक व्हायला हवं. नववा कॉन्स्टंटाइन मरणाला टेकला, दरबाऱ्यांनी बल्गेरियाकडचा एक अधिकारी परस्पर गादीसाठी ठरवला. पंचाहत्तरीची थिओडोरा राजवाड्यात येऊन बसली, पहाऱ्याने तिला मानलं आणि तिने नवरा न करता, कुणाला सोबत न घेता, दीड वर्षाहून जास्त राज्य केलं. स्वतः फर्मानं काढली, स्वतः न्यायनिवाडे केले. धर्मगुरू केरुलारिओसला ते मुळीच आवडलं नाही.

---

निळी शाई

खडीसाखर, ही बाजू मी पुरेशी लिहिली नव्हती. मनापासून आभार.

---

गडवाट

१०५६ नंतर काय झालं, तेही दोन ओळींत सांगाल का?

---

निळी शाई

३१ ऑगस्ट १०५६ ला थिओडोरा गेली. मरणशय्येवर तिच्याकडून सहाव्या मायकेलला वारस म्हणवून घेतलं. एका वर्षात बंड झालं. १०५६ ते १०८१ या २५ वर्षांत गादीवर सहा सम्राट आले आणि बाजूने तुर्कांशी झालेली मान्झिकर्टची १०७१ ची लढाई, जिच्यानंतर आशिया मायनर हातचा जात राहिला. बेसिलच्या भुयारांतलं सोनं तोवर संपलं होतं, नाण्यातलं सोनंही कमी कमी होत गेलं. १०८१ ला आलेक्सिओस कोम्नेनोसने पुन्हा घडी बसवली.

घराण्याचं मोल काय होतं ते १२६१ मध्ये परत दिसतं. मायकेल पालेओलोगोसने लॅटिनांकडून, म्हणजे शहर बळकावून बसलेल्या पश्चिम युरोपी क्रूसेडरांकडून, शहर परत मिळवलं, एवढा पराक्रम. पण खरा वारस होता योआनिस लास्कारिस हा पोर. नाताळाच्या दिवशी, त्याच्या अकराव्या वाढदिवसाला, त्याचे डोळे काढवले. धर्मगुरू आर्सेनिओसने सम्राटाला धर्मबहिष्कृत केलं आणि आशिया मायनरमधल्या शेतकऱ्यांनी त्या आंधळ्या पोरासाठी बंड केलं. पुन्हा तेच.

---

पैलतीर

मी बुडापेस्टमध्ये राहतो, एवढ्यासाठीच लॉग-इन झालो. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात 'मोनोमाखोसचा मुकुट' आहे. १८६० मध्ये आताच्या स्लोव्हाकियातल्या एका गावात शेतकऱ्याला नांगरताना सोन्याच्या पट्ट्या सापडल्या, त्यावर मिन्याचं काम. एकीवर नववा कॉन्स्टंटाइन, एकीवर झोई, एकीवर थिओडोरा. पट्ट्या तळहाताएवढ्याही रुंद नाहीत, वर गोलाकार. दोघी बहिणींभोवती वेली आणि पक्षी आहेत. झोईच्या नावात मिना भरताना अक्षरांची जागा थोडी चुकलीय का ते मी कधी बघितलं नव्हतं, या धाग्यानंतर रविवारी जाऊन बघतो आणि सांगतो.

---

निळी शाई

पैलतीर, जरूर बघा. आणि जमलं तर हेही बघा की दोघींचे चेहरे वेगळे काढलेत का. प्सेलोस म्हणतो झोई ठेंगणी, भरल्या अंगाची, सोनेरी केसांची. थिओडोरा उंच, आणि डोकं अंगाच्या मानाने लहान.

---

पैलतीर

जाऊन आलो. नावांची अक्षरं मला ग्रीक येत नसल्याने नीट लागली नाहीत. पण चेहरे एकाच साच्यातले आहेत. दोघी सारख्याच उंच, सारख्याच तरुण, दोघींच्या हातात राजदंड. कोण कोण ते फक्त वरच्या नावावरूनच कळतं.